थोरली, धाकटी आणि एकच न्यूट्रल

कागद कारखान्याच्या वीजघरामागे बादलीचा खणखणाट झाला, की समजावं खड्डेमामा कामावर आले. हा माणूस आल्या आल्या चहा पीत नसे, कोणाला नमस्कार करत नसे, आपल्या मशीनकडेही जात नसे. आधी मागच्या भिंतीलगतच्या, वीज जमिनीत उतरवणाऱ्या अर्थिंगच्या खड्ड्यांना पाणी घाली. एकेक झाकण उचलायचं, आत डोकावायचं, बादली हलकेच कलती करायची आणि पाणी मुरेपर्यंत कमरेवर हात ठेवून तिथंच उभं राहायचं. गुलाबाच्या झाडालाही कोणी इतक्या मायेनं पाणी घातलं नसेल. फरक एवढाच, की गुलाबाला कधीतरी फूल येतं. अर्थिंगच्या खड्ड्याला वर्षानुवर्षं काहीही येत नाही, आणि काही येत नाही यातच मामांचं सुख सामावलेलं होतं.

खड्डेमामा हे नाव त्यांना बॉयलरवाल्यांनी ठेवलं. मामांनी आधी राग धरून पाहिला, मग नाद सोडला, आणि शेवटी ते स्वतःच फोन उचलून "खड्डेमामा बोलतोय" असं म्हणू लागले. अर्थिंग हा त्यांच्या मते जगातला सगळ्यात दुर्लक्षित विषय होता, आणि ती उणीव भरून काढायचा विडा त्यांनी एकट्यानं उचलला होता. न्हाव्याच्या खुर्चीत बसले, की गळ्याभोवती कापड बांधून होईपर्यंतच ते गप्प.

"जनरेटरच्या पोटात तीन गुंडाळ्या असतात," ते सुरू करत. "तिघींचं एकेक टोक बाहेर कामाला जातं. उरलेली तीन टोकं घरातच एका ठिकाणी गाठ मारून ठेवलेली. ती गाठ म्हणजे न्यूट्रल. ही गाठ जमिनीला जोडायची."

"जोडायची," न्हावी म्हणे. त्यानं हे अनेकदा ऐकलेलं होतं.

"का जोडायची, हे विचार की."

"का जोडायची?"

"कुठं वायर सोलवटली आणि लोखंडाला टेकली, तर करंट जमिनीतून परत त्या गाठीकडे येतो. तो आला, की राखणीला बसवलेली रिले बोंबलते आणि स्विच पडतो. गाठ मोकळी ठेवलीस, तर करंटला परतायला वाटच नाही. मग चोर घरात पाय पसरून बसलाय आणि कुत्रं भुंकत नाही, अशी गत."

"मग सरळ जोडून टाका की."

इथं मामा आरशातून त्याच्याकडे करुणेनं पाहत. "सरळ जोडलं, तर एवढा करंट येईल, की मशीनचं लोखंड वितळून जाईल. म्हणून मध्ये करंट अडवणारा रेझिस्टर घालायचा. कुत्रं भुंकलं पाहिजे, पण घर पेटता कामा नये."

"मिशी बारीक करू का?" न्हावी विचारी.

वीजघरात दोन जनरेटर होते. जुना आणि नवा. कारखान्यात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरली मामांची. ती घोगऱ्या आवाजात गुरगुरत फिरे, तिच्या बेअरिंगमधून तेलाची बारीक धार लागलेली असे आणि मामा ती धार स्वतःच्या हातानं पुसत. धाकटी हिरव्यागार रंगाची, झुळझुळीत, जिला हात लावायचा तर आधी पुस्तक उघडावं लागे. धाकटीवर जे गृहस्थ होते, त्यांचं नाव वॉरंटीकाका. धाकटीबरोबर कंपनीचं एक जाडजूड पुस्तक आलं होतं आणि काकांनी ते पाठ केलं होतं. त्यांना काहीही सांगा, ते डोळे मिटून क्षणभर आतल्या आत पानं उलटत आणि म्हणत, "हे वॉरंटीत बसत नाही." वॉरंटी कधीच संपून गेली होती. पण सवय संपली नव्हती.

दोघांच्या टेबलांमध्ये एक रबरी चटई आणि अनेक वर्षांचं वैर पसरलेलं होतं.

वैराचं मूळ असं, की दोन जनरेटर जोडीनं चालतात तेव्हा एकाचाच न्यूट्रल जमिनीला जोडायचा असतो. दोन्ही जोडले, तर एकीच्या गाठीतून निघालेला बिनकामाचा करंट जमिनीतून दुसरीच्या गाठीत, तिथून वायरीतून परत पहिलीकडे, असा गोल गोल हिंडत बसतो. ना दिवा लागतो, ना मोटर फिरते. फक्त रेझिस्टर तापतो. दोन शेजारणींनी एकमेकींच्या घरी दिवसभर येजा करावी आणि दोन्ही घरी चुलीवरचं करपावं, तसा प्रकार. म्हणून धाकटी आली, तेव्हा त्या वेळच्या मुख्य इंजिनियरनं दोघांना बोलावून सांगितलं होतं, "कोणा तरी एकाचा न्यूट्रल ठेवा. कोणाचा, ते आपसात ठरवा." एवढं बोलून तो दुसऱ्या नोकरीवर निघून गेला. माणसांची पारख नसलेला इंजिनियर होता.

आपसात काहीच ठरलं नाही. मामांचं म्हणणं, मान थोरलीचा. काकांचं म्हणणं, पुस्तकात लिहिलंय की धाकटीचा न्यूट्रल जमिनीला असावा. थोरली नावाची कोणी अस्तित्वात आहे, हे पुस्तकाला माहीतच नाही. मग सकाळी मामा आपल्या मशीनमागच्या खोलीत जाऊन गुपचूप न्यूट्रलचा स्विच घालत, आणि काका आपल्या खोलीत जाऊन आपला घालत. रेझिस्टरच्या पेट्या दोन्हीकडे अशा तापत, की झाडूवाल्यानं त्या खोल्यांच्या दारांवर ओले मोजे वाळत टाकायला सुरुवात केली. अखेर नव्या मुख्य इंजिनियर बाई आल्या. मोज्यांचा वास त्यांच्या केबिनपर्यंत पोचला तेव्हा त्यांनी शोध लावला.

"एक महिना थोरलीचा, एक महिना धाकटीचा," बाई म्हणाल्या. "पहिल्या तारखेला अदलाबदल. पुन्हा दोन्ही पेट्या गरम सापडल्या, तर दोघांनाही मी कागद मोजायच्या खात्यात पाठवीन."

बाई बोलल्या तसं करणाऱ्या होत्या. तेव्हापासून अदलाबदल बिनचूक होऊ लागली. तरी मामांची एक तक्रार उरलीच होती, की फेब्रुवारी कायम आपल्याच वाट्याला येतो. काका म्हणत, "जानेवारी धाकटीचा लागतो, त्याला मी काय करू? जा, सूर्याला सांगा."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मामांच्या मुलीनं घात केला.

मुलगी दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. हुशार, सरळ आणि बापासारखी ठाम. तिच्या दवाखान्यात एक तरुण दाढ दाखवायला आला. दाढ एक होती, पण तो इतक्या वेळा आला, की डॉक्टरांनी शेवटी त्याला सांगितलं, आता काढायला काही उरलेलं नाही, बोलायचं असेल तर बोलून टाका. तो बोलला. मुलगी हो म्हणाली. एका संध्याकाळी तिनं आईला सांगितलं, आईनं डाळीच्या डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "बाबांना तूच सांग. मी शेजारी जाऊन बसते."

"मुलगा चांगला आहे बाबा," मुलगी म्हणाली. "बांधकामाचे नकाशे काढतो. घरही जवळच आहे. फक्त त्याचे वडील तुमच्या ओळखीचे आहेत."

"मग चांगलंच की. कोण?"

"वॉरंटीकाका."

मामा खुर्चीत बसलेलेच होते. तरी ते पुन्हा एकदा बसले.

"त्यांना मी पसंत आहे," मुलगी पुढं म्हणाली. "काकूंनाही आहे. अडलंय ते तुमच्यापाशी. काका म्हणतात, या माणसाला कारखान्यात दिवसभर सोसतो, आता घरीही सोसू का? त्यांनी विचार करायला वेळ मागितलाय. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला घरी येऊन काय ते सांगणार आहेत."

"काय सांगायचंय ते सांगू दे. आपल्याला काय स्थळांचा तोटा आहे?"

मुलगी काहीच बोलली नाही. ती बोलली असती, तर मामांनी वाद घातला असता आणि जिंकलाही असता. पण ती खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि पडद्याची दोरी बोटाला गुंडाळू लागली. लहानपणी खेळणं मोडलं, की ती अशीच कशाला तरी दोरी गुंडाळत बसायची, रडायची नाही. मामांना मोठमोठ्या मशीनचा आवाज सहन होई. ही शांतता होईना.

"बरं," ते म्हणाले. "मी काय करायचं?"

"गोड बोलायचं."

"कोणाशी?"

"बाबा."

"बरं, बरं."

दुसऱ्या दिवशी खड्ड्यांना पाणी घालून मामा आत आले आणि रबरी चटईच्या कडेशी उभे राहून म्हणाले, "नमस्कार. काल रात्री झोप बरी लागली का?"

वॉरंटीकाकांनी पुस्तकातून डोकं वर काढलं, मागं वळून पाहिलं, मागं कोणी नव्हतं. मग ते हळूच म्हणाले, "लागली. तुम्हाला?"

"आपल्या कृपेनं."

आता खरं सांगायचं तर काकांनाही घरून तसंच बजावून पाठवलेलं होतं. मुलगा म्हणाला होता, "बाबा, माझ्यासाठी एवढं करा, त्यांच्या मशीनला भंगार म्हणू नका." तेव्हा काकांनीही कंबर कसली. दोन दिवसांत वीजघरात असा गोडवा माजला, की बॉयलरवाले काम टाकून दारात उभे राहून ऐकू लागले.

"आज थोरलीचा आवाज काय भारदस्त येतोय," काका म्हणत.

"छे हो. धाकटीपुढं काय. तिचा रंग पाहून डोळे निवतात."

"तेलाचा डाग मात्र तुमच्याच मशीनला शोभून दिसतो."

"तुमच्या पुस्तकाची बांधणी किती पक्की आहे."

ठरलं काहीच नव्हतं, तरी दोघं एकमेकांना व्याही म्हणू लागले. मामा घरी येऊन पाय सोडून बसत आणि बायकोला म्हणत, "जबडा दुखतो. दिवसभर हसायचं म्हणजे काय मस्करी आहे?" बायको गरम पाण्याची पिशवी देई. "मुलीसाठी आहे," ती म्हणे. "जबडा काय, परत येईल जागेवर."

आणि मग पहिली तारीख उजाडली. गेला महिना धाकटीचा होता, हा थोरलीचा. एरवी मामा या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून येत. पण या खेपेला त्यांच्या मनात एक थोर विचार आला. ते चटई ओलांडून काकांच्या टेबलापाशी गेले.

"व्याही, या महिन्यातही न्यूट्रल तुमचाच राहू द्या."

"छे, छे. नियम म्हणजे नियम. आता मान तुमचा."

"मान कसला? तुम्ही मुलाकडचे."

"आणि तुम्ही वयानं मोठे."

"माझी एवढी एक विनंती."

"बरं, तुम्ही म्हणाल तसं," काका म्हणाले आणि मामा कृतार्थ होऊन परत आले. त्यांनी थोरलीचा स्विच न घालता उघडाच ठेवला.

तिकडे काका खुर्चीत बसून विचार करू लागले. हा माणूस, ज्यानं फेब्रुवारीच्या दोन दिवसांसाठी माझ्याशी इतकी वर्षं भांडण केलं, तो अख्खा महिना ओंजळीनं देतोय. आणि आपण तो घ्यायचा? उद्या मुलाच्या सासरी नाव निघेल, की व्याह्यांनी दिलं आणि यांनी गपकन घेतलं. काका उठले, धाकटीमागच्या खोलीत गेले आणि आवाज होऊ न देता त्यांनी आपला स्विच उघडून टाकला. व्याह्यांच्या आपसूक लक्षात येईल, ते आपला घालतील आणि मनातून भारावतील, असा त्यांचा हिशेब होता.

व्याह्यांच्या काहीच लक्षात आलं नाही. व्याह्याच्या मशीनमागे जाऊन त्याचा स्विच पाहायचा, म्हणजे पंगतीत शेजाऱ्याच्या ताटात डोकावून यानं भात किती घेतला ते मोजायचं, असं मामांना वाटलं. काकांनाही तसंच वाटलं. वैर होतं तेव्हा कारखान्याला दोन न्यूट्रल मिळत होते. आता प्रेम जडल्यावर एकही उरला नाही. दोन्ही जनरेटर जमिनीशी काडीचा संबंध न ठेवता अधांतरी फिरू लागले, आणि दोन्ही व्याही एकमेकांकडे पाहून हसत राहिले.

चार दिवस काही झालं नाही. या दुखण्याचा स्वभावच तसा आहे. पाचव्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर मामांचं लक्ष पॅनेलच्या माथ्यावर गेलं. तिथं तीन दिवे होते, तीन वायरींचे तीन. एरवी तिघं सारखे जळत. आज एक मंद झाला होता आणि उरलेले दोघे जास्तच तेजाळले होते. खड्डेमामांनी या तीन दिव्यांचा अर्थ न्हाव्याला, किराणावाल्याला आणि एकदा तर पोटाचा फोटो काढायला गेल्यावर तिथल्या डॉक्टरांना समजावून सांगितलेला होता: एक मंद, दोन तेज, म्हणजे कुठंतरी एक वायर जमिनीला टेकलीय आणि न्यूट्रल मोकळा आहे. कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी त्यांनी उत्तर दिलं असतं.

पण न्यूट्रल मोकळा कसा असेल? व्याह्यांनी घातलाय.

"बल्ब गेला वाटतं," मामा म्हणाले आणि शिडी आणून त्यांनी बल्ब बदलला. नवा बल्बही मंदच जळला. "हल्ली बल्बच हलके येतात," ते म्हणाले.

"अगदी," खालून काका म्हणाले. त्यांनाही ते तीन दिवे दिसत होते आणि त्यांचाही व्याह्यांवर पूर्ण विश्वास होता. "पूर्वीचे बल्ब राहिले नाहीत."

मामांनी खिशातून तिसरा बल्ब काढला. तो पुसत असतानाच लगद्याच्या खात्यातून धडाम असा आवाज आला. तिथल्या एका मोटरची केबल ओलाव्यानं आधीच जमिनीला टेकलेली होती. तीच मघापासून दिव्यावरून हाका मारत होती. न्यूट्रल असता, तर रिलेनं तेव्हाच तिला बाजूला काढलं असतं आणि बाकीचा कारखाना चालू राहिला असता. तसं झालं नाही. उरलेल्या दोन वायरींवर ताण चढत गेला आणि खात्याच्या दुसऱ्याच टोकाला, दुसऱ्याच वायरीचा एक जुना सांधा फुटला. मग मात्र दोन्ही जनरेटर एकदम पडले. थोरली घोगरा उसासा टाकून मंदावत गेली, धाकटी शिटी वाजवल्यासारखी थांबली, आणि पुढच्या शेडमध्ये धावता कागदाचा पट्टा तुटून अशा गतीनं उलगडला, की यंत्रावरचे दोघे कामगार गळ्यापर्यंत पांढऱ्या कागदात बुडाले. त्यांना खरचटलंही नव्हतं. ते फक्त कोणीतरी येऊन आपल्याला उलगडायची वाट पाहत उभे होते.

मामा अंधारात शिडीवर होते.

बाई बॅटरी घेऊन आल्या. त्या ओरडल्या नाहीत. आधी थोरलीच्या मागे गेल्या, मग धाकटीच्या मागे गेल्या, मग चटईवर येऊन उभ्या राहिल्या.

"न्यूट्रल कोणाचा होता?"

"व्याह्यांचा," मामा म्हणाले.

"व्याह्यांचा," काकाही म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी बॅटरीचा झोत एकावरून दुसऱ्यावर नेला. "म्हणजे कोणाचाच नाही. छान. चूक कोणाची, तेवढं सांगा, मला वर कळवायचंय."

इथं मामांनी शहाणपणानं गप्प बसायला हवं होतं. पण महिनाभराची सवय.

"चूक माझी," ते म्हणाले.

"असं कसं? माझी," काका म्हणाले. "स्विच मी उघडला."

"पण महिना माझा होता. मी घालायला हवा होता."

"तुम्ही मला दिला होता ना? मग घालायचा मी."

"अहो, मी म्हणतोय ना माझी म्हणून?"

"दरवेळी मोठेपणा तुम्हीच का घ्यायचा? मी माणूस नाही?"

"मोठेपणा? चुकीत कसला मोठेपणा?"

"म्हणजे माझी चूक लहान?"

"तुम्ही गुपचूप स्विच उघडलात, आणि वर मलाच विचारता?"

"आणि तुम्ही शिडीवर चढून बल्ब बदलत बसलात. गावभर अर्थिंगची प्रवचनं देता ना? समोर तीन दिवे बोंबलत होते."

"ते तुमच्यावर विश्वास ठेवून."

"मी सांगितलं होतं ठेवायला?"

मग धरण फुटलं. महिनाभर गिळलेलं सगळं बाहेर आलं. काका म्हणाले, की थोरली हे फिरतं भंगार आहे आणि भंगारवालासुद्धा आधी विचार करून मग हो म्हणेल. मामा म्हणाले, की धाकटीला न्यूट्रल नाहीच मुळी, नुसतं शोभेचं शेपूट आहे. काका म्हणाले, खड्ड्यांना पाणी घालण्यापलीकडे तुम्हाला येतं काय. मामा म्हणाले, वॉरंटी संपली, आता तुमचीही संपत आलीय. बॉयलरवाले दारात दाटीवाटीनं उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर दुरावलेलं माणूस परत भेटल्याचा आनंद होता.

"पुरे," बाई म्हणाल्या. "अर्धी अर्धी चूक लिहिते. दोघेही आठवडाभर कागद मोजायला जा. आणि उद्या मी दोन्ही स्विचना मिळून एकच किल्ली करून घेते. एका स्विचमधून काढली तरच दुसऱ्यात जाईल. तुमच्या दोघांच्या स्वभावावर कारखाना चालवणं मला परवडणार नाही."

मामा शिडी घडी करून भिंतीला लावायला गेले, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की आज संध्याकाळीच काका घरी येऊन सांगणार होते.

घरी बायकोनं बैठकीची चादर बदलली होती. मुलगी नवा कुडता घालून कपबशा पुसत होती. मामा दारात चपला काढून तसेच उभे राहिले.

"ते येणार नाहीत," ते म्हणाले.

त्यांनी सगळं सांगितलं, शेपटासकट. सांगून झाल्यावर बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. ती रडतेय की हसतेय हे मामांना कळेना, आणि विचारायची हिंमत होईना. मुलीनं हातातली बशी हळूच खाली ठेवली.

"शोभेचं शेपूट?" ती म्हणाली.

"तोंडून गेलं."

"संध्याकाळ व्हायला किती तास उरले होते बाबा?"

आयुष्यात पहिल्यांदाच मामांकडे अर्थिंगच्या बाजूनं बोलायला काही नव्हतं. ते मनात म्हणत होते, उद्या जाऊन त्यांचे पाय धरीन. धाकटीला ओवाळीनसुद्धा. पोरीच्या बोटाला तेवढी दोरी नको.

तेवढ्यात दार वाजलं. दारात वॉरंटीकाका, काकू आणि मागं दाढवाला मुलगा. काकांचा चेहरा पाहून काही कळत नव्हतं, कारण त्यांचा चेहरा नेहमीच पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखा असे. सगळे बसले. चहा आला. कोणी बिस्किटाला हात लावेना. काका कपाकडे पाहत राहिले.

"मी महिनाभर नीट झोपलो नाही," ते अखेर म्हणाले.

"माझं चुकलं," मामा घाईनं म्हणाले.

"ऐकून तर घ्या. मला हा माणूस कळेना. रोज सकाळी झोपेची चौकशी. माझ्या मशीनच्या रंगाचं कौतुक. मी घरी येऊन हिला म्हणायचो, यात काहीतरी आहे. इतकं गोड कोणी उगाच बोलत नाही. मुलीत काही खोट असणार. आधी कुठं ठरलेलं मोडलं असेल, आजार असेल, काहीतरी झाकायचं असणार. मुलगा म्हणतोय चांगली आहे, पण त्याची दाढ दुखत होती तेव्हा त्याला काय कळतंय? आज इथं येऊन मी नाही सांगणार होतो."

मुलीनं वर पाहिलं. दाढवाल्या मुलानं डोळे मिटून घेतले.

"आणि आज दुपारी," काका म्हणाले, "या गृहस्थांनी चारचौघांत, बाईंसमोर, माझ्या मशीनला शेपूट म्हटलं. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. ज्याला मुलीचं काही झाकायचंय, तो मुलाच्या बापाला असं बोलेल का? सरळ आहे माणूस. उद्धट आहे, पण आतबाहेर एक. आमचा होकार आहे."

बायको पुन्हा भिंतीकडे वळली. या खेपेला मात्र ती हसत होती, हे स्पष्ट ऐकू आलं. मुलीनं बिस्किटांची बशी मुलासमोर सरकवली आणि म्हणाली, "डाव्या बाजूनं खा."

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी काकांचा हात धरला. "व्याही, तुमचं मन मोठं. ते शेपटाचं मी मागं घेतो. धाकटीसारखी मशीन कुठं शोधून सापडणार नाही. आणि काय तिचा तो झुळझुळीत..."

काकांचा हात हळूहळू सैल पडला. त्यांनी संशयानं बायकोकडे पाहिलं, मग मामांकडे पाहिलं. "का?" त्यांनी विचारलं. "आता पुन्हा गोड का बोलताय?"

मुलीनं बशीवरून हात न काढताच बापाकडे पाहिलं. मामांना एका क्षणात उमगलं, की मुलीचा संसार आता आपल्या जिभेच्या टोकावर लटकलाय आणि या वेळी गोड बोलून चालणार नाही. त्यांनी हात सोडला, खुर्चीत ताठ बसले, घसा खाकरला.

"तुमच्या समजुतीसाठी म्हटलं हो," ते म्हणाले. "शेपूट ते शेपूटच. आणि ती किल्ली आधी थोरलीत लागेल. या महिन्यावर हक्क माझा आहे."

"हक्क?" काका म्हणाले. "तो महिना तुम्ही दान दिलाय."

"तुम्ही घेतला कुठं? स्विच उघडून टाकलात."

"पुस्तकात स्पष्ट लिहिलंय..."

"ते पुस्तक घाला चुलीत."

वॉरंटीकाकांनी समाधानानं मान हलवली, बिस्किट चहात बुडवलं आणि म्हणाले, "तारीख काय धरायची मग? फेब्रुवारी सोडून बोला."